दोघींची एकच नोंद

त्या सॉफ्टवेअरचं नाव मी इथे लिहिणार नाही. कुणाची बदनामी होईल म्हणून नव्हे, ते नाव घेतलं की माझं तोंड कडू होतं म्हणून. इंग्रजीत त्याचा अर्थ काहीतरी हलकं, सोपं असा होतो म्हणे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ते आमच्याकडे आलं त्याला बरेच महिने झाले, तरी अजूनही सकाळी संगणक सुरू करून पासवर्ड टाकायचं मी जमेल तेवढं लांबवते. एकदोनदा तर उठून खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं आहे.

खिडकीशीही काही सुगंध येत नाही. आमचं कार्यालय शहापूरच्या बाजारपेठेत, खताच्या दुकानाच्या माडीवर. दोन खोल्या, एक कपाट, एक पंखा, आणि खालून वर येणारा कीटकनाशकांचा उग्र वास. मी किन्हवलीहून रोज एसटीने येते. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमची सून संशोधन करते." मी त्यांना कधी अडवलं नाही. खरं म्हणजे संशोधन मुंबईचे डॉक्टर करतात, आम्ही त्यांचे कागद सांभाळतो. पाड्यावरच्या एका बाळाचं वजन घ्यायचं झालं तरी आधी मुंबईच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, आईची संमती लागते, तिची सही नाहीतर अंगठा लागतो, वजन घ्यायला जाणाऱ्या बाईचं नेमणूकपत्र लागतं, वजनकाटा तपासल्याचा दाखला लागतो. यातलं एक जरी हरवलं तरी डॉक्टरांचं सगळं संशोधन अधांतरी. या कामाला संशोधन प्रशासन म्हणतात. ऐकायला भारदस्त आहे, करायला धुणीभांड्यांसारखं. केलं तर कुणाला दिसत नाही, राहिलं तर सगळ्यांना दिसतं.

आमचा प्रकल्प साधा होता. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर जन्मलेल्या बाळांचं वर्षाचं होईपर्यंत दर महिन्याला वजन घ्यायचं, आणि ज्याचं वजन वाढत नाही त्याला वेळेत दवाखान्यात पोचवायचं. माणसंही मोजकी. शहापूरला मी. मुरबाडच्या कार्यालयात एक काका, उभी हयात सरकारी दप्तरात घालवून निवृत्त झालेले आणि मग आमच्याकडे आलेले. मुंबईला आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर एक मॅडम. आणि पाड्यांवर फिरणाऱ्या बाया. त्यांतली डोळखांबच्या बाजूची जी होती, तिच्यासाठी हे लिहिते आहे.

तिला आम्ही डोळखांबची ताई म्हणायचो. वयाने माझ्यापेक्षा लहान, तरी मी तिला ताई म्हणे आणि ती मला ताय. बारावी शिकलेली, डोंगरातल्या पाड्यात वाढलेली. तिच्या पाड्यात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी ती पहिलीच बाई. पाड्यावरच्या बाया कुणाही कागदावर अंगठा द्यायला बिचकतात, आणि त्यांनी बिचकावं असंच आजवर त्यांच्याशी सगळे वागले आहेत. पण हिने पुढे केलेल्या कागदावर त्या बिनघोर अंगठा द्यायच्या. तिच्या शब्दावर आमचा निम्मा प्रकल्प चालला होता, हे मुंबईला कधीच कळलं नाही.

आता जुन्या रजिस्टरांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. काकांनी सुरुवातीलाच पट्टी घेऊन प्रत्येक पानावर एक जास्तीचा रकाना आखला होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'खूण'. कारण आमच्याकडच्या पाड्यांत आडनावं दोन नाहीतर तीन. बायांची नावंही तीच तीच. जन्मतारीख विचाराल तर शाळेत गेलेल्या सगळ्यांची एक जून. गुरुजींनी पहिलीत नाव घालताना ठोकून दिलेली. माझीसुद्धा एक जूनच आहे. माझ्या आईला एवढंच आठवतं की मी झाले तेव्हा नाचणी कापायला आली होती, आणि नाचणी काही जूनमध्ये कापत नाहीत.

राहता राहिलं नवऱ्याचं नाव. ते विचारलं की बाई पदर तोंडाला लावून हसते. लग्नात उखाण्यात घेईल, पण कागदावर लिहायला सांगणार नाही. शेजारणीला विचारावं तर ती त्याची धाकटी भावजय निघते, तिलाही ते नाव घेणं चालत नाही. म्हणून काकांचा तो खुणेचा रकाना. डोळखांबच्या ताईच्या अक्षरात त्यात लिहिलेलं असायचं, 'ओढ्याकाठची, दारात शेवगा', 'टेकडीवरची, सासूला दिसत नाही', 'तीन म्हशींवाल्यांची मधली सून'. नुसतं वाचत गेलं तरी पाडा डोळ्यांसमोर उभा राहायचा.

यातल्या ओढ्याकाठच्या आणि टेकडीवरच्या, या दोघींचं नाव एक, आडनाव एक, पाडा एक. एकाच दिवशी एकाच गुरुजींनी शाळेत घातल्यामुळे जन्मतारीखही वर्षासकट एकच. दोघी पंधरा दिवसांच्या अंतराने बाळंत झाल्या. मी दोघींना पाहिलेलं आहे. एकदा ताईबरोबर फेरीला गेले तेव्हा ओढ्याकाठचीने मला काळा चहा दिला होता, आणि टेकडीवरचीचं बाळ माझ्या मांडीवर ओलं झालं होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

भाद्रपदात मॅडमचा मेल आला की रजिस्टरं बंद, आता सगळं ऑनलाइन. परवानग्या, संमतीपत्रं, नेमणुका, भेटी, सगळं एकाच ठिकाणी. मग प्रशिक्षण. ते शहापुरातल्या एका मंगल कार्यालयाच्या जेवणघरात झालं, कारण तिथे जनरेटर होता. मुंबईहून गाडी आली. गाडीतून उतरलेल्या ट्रेनरच्या सदऱ्यावर कंपनीचं चिन्ह होतं आणि अंगाला अत्तराचा असा भपकारा की आदल्या दिवशीच्या लग्नाच्या मसालेभाताचा वासही मागे हटला. दर पाच मिनिटांनी तो म्हणायचा, "एकदम सिंपल है." मला तेव्हापासून या शब्दाची शिसारी आहे. जे खरंच सोपं असतं त्याला सोपं म्हणून सांगावं लागत नाही. भाकरी सोपी आहे असं मला कुणी शिकवताना म्हटलं नव्हतं.

काकांनी हात वर केला. "खूण कुठे लिहायची?"

ट्रेनरला आधी प्रश्नच कळला नाही. समजावून सांगितल्यावर तो हसला. "सर, अब तो युनिक आयडी है ना."

"आयडी आमाला समजेल हो," काका म्हणाले, "पण पाड्यावर त्या आयडीला हाक कशी मारायची?"

सगळे हसले. ट्रेनरही हसला, त्याने वहीत काहीतरी टिपून घेतल्यासारखं केलं आणि पुढचं चित्र लावलं. शेवटी पोहे झाले, आणि अंगठे वर करून सगळ्यांचा फोटो झाला. तो मुंबईच्या मासिक पत्रकात छापून आला. त्यात डोळखांबची ताई अगदी कडेला आहे, तिचा अर्धा चेहरा कापला गेला आहे.

त्यानंतर सुरू झाली ती दर सोमवारची यादी. कुठल्या कार्यालयाने नवी पद्धत किती स्वीकारली याची. पूर्ण स्वीकारली तर हिरवा रंग, अर्धवट तर पिवळा, नाहीतर लाल. शिकलेल्या, केस पांढरे झालेल्या माणसांना बालवाडीतल्या पोरांसारखे रंग वाटत सुटायचे आणि त्याला व्यवस्थापन म्हणायचं, याची मला किळस यायची. पण खरं सांगायचं तर शहापूरपुढे लाल रंग दिसला की माझी मान खाली जायची. मी चिडायचे त्या यादीवर आणि धडपडायचे त्याच यादीत वर जायला. ही माझी स्वतःची घाण, ती दुसऱ्याच्या दारात लोटता येणार नाही.

काका शेवटपर्यंत लाल राहिले. त्यांचं म्हणणं एकच, प्रत्येक बाईच्या नवऱ्याचं नाव घरातल्या एखाद्या पोराकडून विचारून आणीन आणि मगच भरीन. त्यांना मेमो आला. मी त्यांना फोनवर म्हटलं, "काका, या वयात कशाला डोकं लावताय? भरून टाका." ते म्हणाले, "अगो, हिरवा काय नि लाल काय, तो काय सिग्नल हाय? माजी बाई हरवली तर मी कुटं शोधू?" मला तेव्हा त्यांचा राग आला. म्हातारा हट्टी आहे, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

घटस्थापनेच्या आधीचा दिवस. शहापूरची सगळी जुनी नावं मी चढवून झाली होती. खुणेला जागाच नव्हती, म्हणून खूण सुटली. नवऱ्याच्या नावाची चौकट रिकामी सोडली तरी चालत होती, म्हणून तीही सुटली. पडद्यावर पिवळी पट्टी आली की काही नोंदी दुबार दिसत आहेत, तपासा. एकेक जोडी उघडून बघायची आणि वेगळी असेल तर तसं नोंदवायचं. एक जोडी उघडायला चहा निवून जाईल इतका वेळ लागत होता. दुपारचे चार वाजले होते. मॅडमचा तिसरा फोन येऊन गेला, "आज संध्याकाळपर्यंत शहापूर मला हिरवं हवंय, उद्या माझं प्रेझेंटेशन आहे." माझी किन्हवलीची गाडी पाचची. ती चुकली की पुढच्या गाडीत उभं राहायलाही जागा मिळत नाही, आणि घरी घट बसवायची तयारी पडलेली.

पट्टीच्या खाली एक बटण होतं. सगळ्या दुबार नोंदी एकत्र करा.

मी ते दाबलं. यंत्राने शोधलंय म्हणजे काहीतरी बघूनच शोधलं असेल, असं मनाशी म्हटलं. तेवढ्यात शहापूर हिरवं झालं. मॅडमनी टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं चित्र पाठवलं. मी पर्स उचलली, आणि गाडीत मला खिडकीची जागा मिळाली.

चार दिवसांनी डोळखांबच्या ताईचा फोन आला. तिच्याकडे रेंज फक्त एका खिंडीत मिळते, तिथे चढून आल्यामुळे ती धापा टाकत होती.

"ताय, टॅबमधी एकच बाई दिसताय. पोराच्या तारखेवरनं टेकडीवरची दिसताय, ओढ्याकाठची नाय. दुसरीचा वजन कुठं भरू?"

मला तत्क्षणी कळलं काय झालं असणार. पण उघडून बघायचं म्हणजे मॅडमना सांगणं आलं, हिरव्याचं पुन्हा लाल होणं आलं. मी म्हटलं, "आत्ता आहे तिच्यातच दोन्ही वजनं भर. मी नंतर बघते."

"बरा," ती म्हणाली.

तिने सांगितल्याप्रमाणे केलं. मी नंतर काही बघितलं नाही.

दिवाळी झाली. पाड्यावरची माणसं दरवर्षीप्रमाणे बिऱ्हाड बांधून वीटभट्ट्यांवर गेली, कुणी भिवंडीकडे, कुणी कल्याणकडे. या दोघीही आपापली पोरं कडेवर घेऊन गेल्या. ताईने स्थलांतरित म्हणून नोंद केली, तीही एकीच्याच नावावर, कारण दुसरी नव्हतीच.

जानेवारीत बायांच्या नेमणुका पुढे वाढवायच्या होत्या. पूर्वी हे काम काका आणि मी रजिस्टरं समोर घेऊन करायचो. आता अहवाल आपोआप निघाला, आणि त्यात डोळखांबपुढे लाल झेंडा. एकाच बाळाचं वजन सकाळी पाच किलोच्या पुढे आणि दुपारी चार किलोच्या आत. असं एकदा नव्हे, दोन वेळा. मॅडमचा फोन आला तेव्हा आवाज थंड होता. "हा डेटा बनावट आहे. ती बाई घरी बसून आकडे भरते आहे. तिला बोलावून घ्या, मी ऑनलाइन येते."

तिला बोलावलं. डोंगरातून डोळखांबपर्यंत चालत, तिथून जीपने, ती अकराला हजर झाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिच्या सगळ्या वह्या होत्या. नीट इस्त्री केलेली साडी नेसून आली होती. तिला वाटलं होतं, नेमणूक वाढवायला बोलावलंय. येताना माझ्यासाठी वाल घेऊन आली होती, ते तिने टेबलाच्या कडेला ठेवले.

मॅडम पडद्यावर आल्या. त्यांच्याबरोबर आणखी एक गृहस्थ होते, संशोधनात कुणी लबाडी केली तर ते बघणारे. त्यांनी विचारलं, "एकाच नावावर दोन वजनं का भरली?"

"त्या दोन बाया हायेत," ताई म्हणाली. "एक ओढ्याकाठची, एक टेकडीवरची."

"यादीत तर एकच आहे."

"यादीत एकच व्हती म्हणून तिच्यातच भरला."

"असं करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी माउस हातात धरून बसले होते, कारण कागदपत्रं पडद्यावर दाखवायचं काम माझ्याकडे होतं. त्या नोंदीच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, नोंदी कुणी एकत्र केल्या, किती वाजता. माझं नाव होतं. ती ओळ दिसू नये म्हणून मी पान सरकवलं.

इतकं साधं काम. एका बोटाचं. त्या बोटाला त्या दिवशी काही झालं नाही, संध्याकाळी त्याच बोटाने मी मीठ चाखलं.

ताई थोडा वेळ थांबली. मग तिने वह्या पुढे केल्या. "हितं बघा, दोघींची खूण लिवली हाय." गृहस्थ म्हणाले की हाताने लिहिलेलं कुणीही मागून लिहू शकतं, ते पुरावा धरता येत नाही. ती म्हणाली, "मग चला, दाखवते बाया." मॅडमनी विचारलं, "कधी?" आणि तिच्या लक्षात आलं की बाया भट्ट्यांवर आहेत, कुठल्या भट्टीवर ते तिलाही नक्की माहीत नाही. तिने वह्या पुन्हा पिशवीत भरल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी बारा इंचांवरून पाहिली, चोरही मीच होते.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. बटणाचंही, माझ्या त्या 'दोन्ही वजनं भर'चंही. मला वाटलं होतं, ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्या गोड झाल्या. ते ओरडण्यापेक्षा घाण होतं. म्हणाल्या, "हे बघ, हे आत्ता लिहून द्यायचं नाही. नवीन सिस्टीमवर समितीचा विश्वास बसायला वेळ लागलाय. शहापूरची एक चूक निघाली तर सगळ्याच कार्यालयांचं तपासायला काढतील. तिची मुदत तशीही संपते आहे. आपण फक्त वाढवायची नाही. बनावट वगैरे शब्द कुठेही घालायचा नाही. तिचंही नाव खराब होत नाही, आपलंही नाही."

सॉफ्टवेअरच्या कंपनीला मी विचारलं, एकत्र केलेल्या नोंदी सोडवता येतील का. उत्तर आलं की तशी सोय ठेवलेली नाही, सूचनेबद्दल आभारी आहोत.

आणि मी ते पत्र टाइप केलं. 'आपल्या नेमणुकीची मुदत संपत असून...' चार ओळींचं. ताई येऊन सही करून घेऊन गेली. वजनकाटा, टॅब, छत्री, सगळं मोजून परत केलं. मला म्हणाली, "काट्याचा पट्टा जरा सैल हाय, नवीन बाईला सांगा." मी हो म्हटलं. माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट मी लपवणार नाही. सुटले, असं मला वाटलं.

बनावट हा शब्द कागदावर नव्हता, म्हणून काय तो डोंगरात पोचला नाही? शहापुरातून डोळखांबला जीपमधून बातमी जाते, तिला रेंज लागत नाही. काका शहापूरला आले तेव्हा मला सांगत होते. पाड्यावर बोललं जात होतं की हिने खोट्या बाया लिहिल्या, म्हणून कामावरून काढली. होळीला लोक परत आले तेव्हा बायांनी तिला विचारलं, "आमच्या अंगठ्यावर तू काय घेतलास?" तिच्या सख्ख्या जावेनेही विचारलं. ती पाणवठ्यावर जाईनाशी झाली. काका एवढंच म्हणाले, "तिची नोकरी गेली ता गेली. पण त्या बाया आता कुणालाच अंगठा द्यायच्या नायत." मग माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्यांना सगळं कळलेलं होतं. मुरबाडच्या त्यांच्या कपाटात जुनी रजिस्टरं तशीच चालू होती, लाल रंगात, आणि त्यांची एकही बाई हरवली नव्हती.

नवीन बाई शहापुरातलीच नेमली होती. ती त्या पाड्यावर गेली, यादीतल्या एका आईच्या एका बाळाचं वजन घेतलं आणि परत आली. यादी पूर्ण. मॅडमच्या पत्रकात डोळखांब हिरवं.

अक्षयतृतीया होऊन गेल्यावर एका मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. डोळखांबची ताई होती. तिच्यामागे ओढ्याकाठची, कडेवर पोर. उन्हाने तिघांचे चेहरे काळवंडले होते. ताईने खुर्ची पुढे ओढली आणि त्या बाईला तिच्यावर बसवलं, माझ्या बरोबर समोर.

"ही दुसरी," ती म्हणाली. "वजन करा."

मी कपाटातून काटा काढला. पोराला पट्ट्यात घालताना त्याच्या बरगड्या माझ्या हाताला लागल्या. नऊ महिन्यांचं मूल, आणि वजन त्याने दिवाळीआधीच गाठलं होतं तेवढंच. होळीला परत आल्यावरही कुणी काटा घेऊन त्याच्याकडे गेलंच नव्हतं, कारण आमच्या हिशेबी ते जन्मलंच नव्हतं. मी दवाखान्याची चिठ्ठी लिहिली, तिथल्या सिस्टरना फोन केला, लगेच पाठवते म्हणून सांगितलं. आईने पोराला पुन्हा कडेवर घेतलं. तिने मला ओळखलं होतं, चहा दिलेल्या पाहुणीला ओळखतात तसं, आणि तिला वाटत होतं की मी काहीतरी चांगलं करते आहे.

"आनि मना एक कागद द्या," ताई म्हणाली. "नोकरीसाठी नाय. पाड्यावर दाखवायला. शिक्का मारून द्या. या दोघी हायेत, मी खोटा लिवला नाय, असा लिवा."

मी छापील मथळ्याचा कागद घेतला आणि हाताने लिहिलं. लिहिता लिहिता माझं मलाच बरं वाटायला लागलं होतं. 'सदर पाड्यावर एकाच नावाच्या दोन माता असून त्यांच्या नोंदी संगणकात चुकून एकत्र झाल्या. यात क्षेत्र कार्यकर्तीचा कोणताही दोष नाही.' सही केली. गोल शिक्का मारला. तिच्याकडे दिला.

तिने तो उभ्यानेच वाचला, ओळीखाली बोट फिरवत, सावकाश. मग कागद माझ्यासमोर परत ठेवला.

"कुनी केल्या ता नाय लिवला."

"अगं, ते संगणकात होतं असं..." मी सुरू केलं.

"ताय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्या दिशी सायबांनी इचारला, कुनी सांगितला? मी तुमचा नाव घेतला नाय. मना वाटला, ताय आपल्या तोंडानं सांगतील. मी थांबली व्हती."

ती थांबली होती, ते मला आठवतं. वह्या पुढे करायच्या आधी. मी ते थांबणं भीतीचं समजले होते.

मी दुसरा कागद घेतला. पहिल्या ओळीत माझं नाव आणि हुद्दा लिहिला, मग बटणाचं लिहिलं, मग फोनवर मी तिला काय सांगितलं ते लिहिलं, मग पान सरकवल्याचंही लिहिलं. शिक्का वाकडा उठला. तिने तो कागदही तसाच बोट फिरवत वाचला. घडी घालून वह्यांच्या पिशवीत ठेवला आणि त्या बाईला म्हणाली, "चल गो, दवाखाना बंद होईल."

टेबलावर पाण्याचा तांब्या भरलेला होता. दोघी बाया आणि ते पोर, एवढ्या उन्हातून आलेली. मी पेला भरून पुढे केला. तिने तो घेतला, ओढ्याकाठचीच्या हातात दिला, पोराच्या ओठांना लावू दिला. स्वतः एक थेंबही घेतला नाही. रिकामा पेला टेबलावर ठेवून ती जिना उतरली, आणि तिला बस म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.